फ्लॉप ठरवण्याची घाई

११, २६, ३, ४३, १४. लंडनच्या फुलहॅम क्लबसाठी अलेक्सांदर मित्रोविचने २०१८ ते २०२३ या पाच मोसमांत केलेले हे लीगमधले गोल. माणूस तोच, जर्सी तीच, थेम्सकाठचं क्रेव्हन कॉटेजचं मैदानही तेच. २६ आणि ४३ हे आकडे इंग्लंडच्या दुसऱ्या श्रेणीतले, म्हणजे चॅम्पियनशिपमधले. बाकीचे तीन प्रीमियर लीगमधले. वरच्या श्रेणीतले बचावपटू अधिक कसलेले असतात, त्यामुळे तिथे गोल कमी होणार, हे कुणालाही पटेल. पण त्याच वरच्या श्रेणीत एकदा ११, एकदा ३ आणि एकदा १४ असं का व्हावं? पंचविशी ओलांडलेला, अंगाने तगडा, कामात मुरलेला स्ट्रायकर एका वर्षात गोल करायचं विसरतो आणि पुढच्या वर्षी त्याला ते पुन्हा आठवतं, असं काही होत नसतं.

२०२०-२१ च्या मोसमात फुलहॅमचे प्रशिक्षक होते स्कॉट पार्कर. पुढे खेळणारा माणूस पळता हवा, त्याने प्रतिस्पर्धी बचावपटूंच्या मागे धावावं, चेंडू हिसकावून घ्यावा, अशी त्यांची मांडणी होती. मित्रोविचचा खेळ वेगळा. तो गोलसमोरच्या पेटीत उभा राहतो, बचावपटूला पाठीवर घेतो आणि बाजूने येणाऱ्या क्रॉसची वाट बघतो. त्या वर्षी तो बरेचदा बाकावर बसला. अख्ख्या संघाने ३८ सामन्यांत २७ गोल केले आणि फुलहॅम खाली घसरला. पुढच्या वर्षी मार्को सिल्वा आले. दोन्ही कडांनी चेंडू पेटीत येऊ लागला आणि मित्रोविचने ४४ सामन्यांत ४३ गोल ठोकले. पोर्ट्समथच्या गाय व्हिटिंगहॅमचा १९९२-९३ मधला ४२ गोलांचा विक्रम मोडला. वर गेल्यावरही सिल्वा तेच होते, खेळायची रीत तीच होती, म्हणून ३ चे १४ झाले.

परदेशी जाणाऱ्या सर्बियन फॉरवर्डची कारकीर्द वाचायची ती इथून. स्ट्रायकरची किंमत त्याच्या गोलांवरून ठरते. ते गोल मात्र कडेने धावणारा विंगर, चेंडू खाली उतरवून देणारा जोडीदार, प्रशिक्षकाची मांडणी आणि ड्रेसिंग रूममधली भाषा यांतून तयार होतात. क्लब माणूस विकत घेतो आणि हे सगळं जुन्या क्लबातच राहतं. मग दोन वर्षांत निकाल लागतो: फ्लॉप. सर्बियाच्या वाट्याला हा शिक्का वारंवार आला आहे, आणि त्याला तिथल्या क्लबांच्या तिजोरीचा इतिहास कारणीभूत आहे.

युगोस्लाव्हियाच्या काळात खेळाडूला २८ वर्षांचा होईपर्यंत परदेशी क्लबात जाता येत नसे. बेलग्रेडच्या रेड स्टार क्लबाचा महान लेफ्ट विंगर द्रागान जायिच १९७५ मध्ये फ्रान्सच्या बास्तियाकडे गेला तेव्हा तिशीला टेकला होता. या बंधनाने खेळाडूंचं आर्थिक नुकसान केलं, त्यांच्या आयुष्याचे निर्णय दुसऱ्यांच्या हातात ठेवले. त्याचं गुणगान करण्याचं कारण नाही. पण खेळाडू परदेशी पोचायचा तो पुरता घडून. संघही बांधलेले राहायचे. २९ मे १९९१ रोजी बारीमध्ये मार्सेला पेनल्टींवर हरवून रेड स्टारने युरोपियन कप जिंकला, तो या बांधणीच्या शेवटाला.

नंतर सगळं फार वेगाने कोसळलं. रेड स्टारच्या त्या संघातला प्रोसिनेच्की त्याच उन्हाळ्यात माद्रिदला गेला, पुढच्या वर्षी साविचेविच मिलानला आणि पांचेव इंटरला. मे १९९२ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी निर्बंध लादले, युगोस्लाव्हियाला युरो स्पर्धेतून बाहेर काढलं गेलं आणि बदली म्हणून आलेल्या डेन्मार्कने ती स्पर्धा जिंकली. युद्ध, महागाई, ओस पडलेली मैदानं. डिसेंबर १९९५ मध्ये युरोपीय न्यायालयाचा बोसमान निकाल लागला आणि युरोपातल्या श्रीमंत क्लबांना परदेशी खेळाडू घेण्याची दारं सताड उघडली. बेलग्रेडचे रेड स्टार आणि पार्टिझान हे क्लब कायद्याने आजही नागरिकांच्या संघटना आहेत. पैसा ओतणारा मालक नाही, टीव्हीच्या हक्कांचा पैसा तुटपुंजा. युरोपीय स्पर्धेत मजल मारली तर उत्पन्न, नाहीतर पोरं विकायची. २०१४ मध्ये रेड स्टारने देशाचं अजिंक्यपद मिळवलं, तरी आर्थिक शिस्तीच्या नियमांवरून युएफाने त्यांना चॅम्पियन्स लीगचं दार बंद केलं.

डोक्यावर देणं असलेला शेतकरी भावाची वाट बघत बसत नाही, कांदा काढल्या काढल्या बाजारात नेतो. बेलग्रेडचे क्लब तेच करत आले आहेत. फिफाच्या नियमाने १८ वर्षांखालचा खेळाडू एका देशातून दुसऱ्या देशात विकता येत नाही. युरोपीय संघाच्या आतल्या १६ वर्षांवरच्या मुलांना सवलत आहे, पण सर्बिया संघाबाहेर. त्यामुळे तिथल्या हुशार मुलाचा अठरावा वाढदिवस हीच विक्रीची तारीख होऊन बसते. लुका योविच २३ डिसेंबर २०१५ रोजी १८ वर्षांचा झाला. फेब्रुवारी २०१६ मध्ये तो लिस्बनच्या बेनफिकाचा खेळाडू होता. दुशान व्लाहोविच जानेवारी २०१८ मध्ये १८ चा झाला आणि त्याच उन्हाळ्यात फिओरेंटिनाकडे गेला.

योविचची गोष्ट सविस्तर सांगायला हवी, कारण फ्लॉप हा शब्द त्याच्या इतका दुसऱ्या कुणाला चिकटलेला नाही.

त्याचा जन्म बोस्नियातल्या बियेलिना भागातला. २८ मे २०१४ रोजी, साडेसोळा वर्षांचाही नसताना, तो व्होयव्होदिनाविरुद्ध बदली खेळाडू म्हणून उतरला आणि काही मिनिटांत त्याने गोल केला. देयान स्टान्कोविचचा विक्रम मोडून तो रेड स्टारचा सर्वांत लहान गोलकर्ता ठरला. पावणेदोन वर्षांत तो बेनफिकाकडे विकला गेला. त्या काळात बेनफिकाने सर्बियन मुलं झपाट्याने उचलली होती. इवान शापोन्यिच आणि आंद्रिया झिव्कोविचही त्याच वर्षी तिथे पोचले. योविच तिथे मुख्य संघात जवळपास खेळलाच नाही. वयाची १८ ते १९ ही वर्षं, ज्यात स्ट्रायकरने आठवड्यामागून आठवडे खेळायला हवं, ती राखीव संघात गेली.

२०१७ मध्ये तो उसन्या तत्त्वावर आइनट्राख्ट फ्रँकफर्टकडे गेला. प्रशिक्षक होते निको कोवाच, बर्लिनमध्ये जन्मलेले क्रोएशियन. संघात मियात गाचिनोविच हा सर्बियन आणि आंते रेबिच हा क्रोएशियन. या दोन भाषा एकमेकींना सहज कळणाऱ्या, त्यामुळे वीस वर्षांच्या मुलाला सरावात काय सांगितलं जातंय ते त्याच्या मातृभाषेत समजत होतं. २०१८ च्या उन्हाळ्यात क्रागुयेवाचचा फिलिप कोस्तिच आला आणि डाव्या कडेने क्रॉसचा रतीब सुरू झाला. सेबास्तिएं हॅलर हवेतले चेंडू जिंकून खाली उतरवायचा, रेबिच बचावफळीच्या मागे धाव घेऊन दोन-दोन माणसं ओढून न्यायचा आणि योविच मधल्या मोकळ्या जागेत असायचा. जर्मन लोक या तिघांना रानरेड्यांचा कळप म्हणू लागले. १९ ऑक्टोबर २०१८ रोजी फॉर्टुना ड्युसेलडॉर्फविरुद्ध योविचने एका सामन्यात पाच गोल केले. बुंडेसलिगामध्ये इतक्या लहान वयात हे कुणी केलं नव्हतं. त्या मोसमात लीगमध्ये त्याचे १७, हॅलरचे १५, रेबिचचे ९. युरोपा लीगमध्ये योविचने आणखी १० गोल केले. उपांत्य फेरीत चेल्सीविरुद्ध त्याने दोन्ही सामन्यांत गोल केला आणि फ्रँकफर्ट पेनल्टींवर हरला.

जून २०१९ मध्ये रिआल माद्रिदने त्याला सुमारे सहा कोटी युरो मोजून नेलं. तिथे झिनेदिन झिदानच्या मांडणीत मधला फॉरवर्ड एकच, आणि ती जागा करीम बेन्झेमाची. बेन्झेमाने त्या वर्षी लीगमध्ये २१ गोल केले. त्याला बसवण्याचं कारणच नव्हतं. योविच यायचा तो सामन्याच्या शेवटी, पंधरा-वीस मिनिटांसाठी. शेजारी हॅलर नाही, डावीकडे कोस्तिच नाही, आसपास आपली भाषा बोलणारा फक्त क्रोएशियन मॉड्रिच. लीगमध्ये गोल दोन.

यावर एक जोरदार आक्षेप आहे आणि तो बाजूला सारता येणार नाही. योविचने स्वतःचं नुकसान स्वतः केलं, असं सर्बियातलेही अनेक लोक म्हणतात. मार्च २०२० मध्ये करोनाच्या पहिल्या लाटेत तो स्पेनहून बेलग्रेडला आला आणि विलगीकरणाचा नियम मोडल्यावरून पंतप्रधानांपासून सर्वांनी त्याला सुनावलं. शिस्तीचा प्रश्न होताच. पण शिस्तीने सगळं समजावायचं, तर १७ जानेवारी २०२१ चा दिवस अडचणीचा ठरतो. उसना म्हणून फ्रँकफर्टला परतलेला योविच शाल्केविरुद्ध उत्तरार्धात उतरला आणि त्याने दोन गोल केले. माद्रिदमध्ये कुचकामी ठरलेला माणूस जुन्या घरी अर्ध्या तासात दोनदा जाळं हलवतो. पुढे मात्र त्या मोसमात त्याचे गोल आटले, आणि तेही समजण्यासारखं आहे. हॅलर आणि रेबिच २०१९ मध्येच गेले होते. कोस्तिच होता, पण त्याचे क्रॉस आता आंद्रे सिल्वाच्या डोक्यावर आणि पायावर पडत होते. सिल्वाने त्या वर्षी लीगमध्ये २८ गोल केले. क्लब जुनाच होता, योविचची जागा मात्र भरलेली होती.

त्यानंतर फ्लॉरेन्स, मिलान आणि २०२५ मध्ये अथेन्सचा एईके. मधे २० जून २०२४ रोजी म्युनिकमध्ये, युरो स्पर्धेत स्लोव्हेनियाविरुद्ध, भरपाई वेळेच्या शेवटी कोपऱ्यावरून आलेल्या चेंडूला डोकं लावून त्याने सर्बियाचा पराभव टाळला. पेटीत चेंडू कुठे पडणार हे इतरांआधी ओळखण्याचं त्याचं कसब कुठेही गेलेलं नव्हतं.

योविचच्या आधी हीच वाट दोघांनी तुडवली होती. सावो मिलोशेविच हाही बियेलिनाचाच. १९९५ मध्ये पार्टिझानहून तो बर्मिंगहॅमच्या अ‍ॅस्टन व्हिलाकडे गेला. १९९६ च्या लीग कपच्या अंतिम सामन्यात त्याने लीड्सविरुद्ध गोल केला, तरी इंग्लिश वर्तमानपत्रांनी त्याच्या नावाची मोडतोड करून त्याला ‘मिस-अ-लॉट-एविच’ केलं. १९९८ मध्ये स्वतःच्याच प्रेक्षकांच्या दिशेने थुंकल्यावर त्याचे तिथले दिवस भरले. तो स्पेनमध्ये सारागोसाला गेला. तिथे चेंडू जमिनीवरून, पायात येत होता. त्याने गोलांची रांग लावली आणि युरो २००० मध्ये पाच गोल करून तो नेदरलँड्सच्या क्लायव्हर्टच्या बरोबरीने स्पर्धेचा सर्वाधिक गोलकर्ता झाला. बर्मिंगहॅममध्ये ज्याच्या नावाची टवाळी चालली होती, तो दोन वर्षांत युरोपातला पहिल्या ओळीचा स्ट्रायकर झाला. टवाळी करणाऱ्यांनी त्याच्या पायांकडे पाहिलं. त्याला चेंडू कसा मिळतोय हे कुणी पाहिलं नाही.

मातेया केझमानचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं आहे. पीएसव्ही आइंडहोवनसाठी त्याने १२२ लीग सामन्यांत १०५ गोल केले. २००४ मध्ये तो चेल्सीला गेला आणि लीगमध्ये चार गोलांवर थांबला. यावर ठरलेलं उत्तर असतं की डच लीग सोपी आहे, तिथले गोल फुगलेले असतात. त्यात तथ्य आहे. पण त्याच पीएसव्हीहून २००१ मध्ये मँचेस्टर युनायटेडला गेलेल्या रूड व्हान निस्टेलरॉयने गोलांचा पाऊस पाडला. केझमानबरोबरच पीएसव्हीहून चेल्सीला आलेला आर्यन रॉबेनही तिथे चमकला. तेव्हा लीगचा दर्जा एवढं एकच कारण पुरत नाही. चेल्सीत प्रशिक्षक मोरिन्योंच्या मांडणीत मधे एकच स्ट्रायकर होता आणि त्याच उन्हाळ्यात दिदिए द्रोग्बा आला होता. युनायटेडने व्हान निस्टेलरॉयला जागा रिकामी करून दिली. केझमानला मिळाली ती आधीच दुसऱ्याची झालेली जागा. पुढे अ‍ॅटलेटिको माद्रिद, फेनरबाचे, पॅरिस, सेंट पीटर्सबर्ग, हाँगकाँग, बेलारूस असं त्याचं फिरणं चालू राहिलं. दर मुक्कामाला नवी भाषा, नवा प्रशिक्षक, नवे विंगर.

व्लाहोविचने याच्या उलट घडू शकतं हे दाखवलं, आणि त्याचं श्रेय त्याच्याइतकंच फिओरेंटिनाला द्यायला हवं. पहिल्या मोसमात सेरी आमध्ये त्याचा एकही गोल नव्हता. दुसऱ्यात सहा. एखाद्या अधीर क्लबने तेव्हाच त्याला इकडून तिकडे उसना फिरवला असता. फिओरेंटिनाने ठेवला, आणि २०२० च्या हिवाळ्यात चेझारे प्रांदेल्ली यांनी त्याला सलग खेळवायला घेतलं. त्या मोसमाअखेर २१ गोल. २०२१ या वर्षात त्याने सेरी आमध्ये ३३ गोल केले, रोनाल्डोने आदल्या वर्षी केले होते तितके. जानेवारी २०२२ मध्ये युव्हेंटसने सात कोटी युरो मोजले. अठराव्या वर्षी विकला गेलेला मुलगा, पण पहिला क्लब थांबायला तयार होता. योविचला बेनफिकात हे मिळालं नाही.

मित्रोविचच्या बाबतीतही माणसं मोजली की चित्र स्पष्ट होतं. स्मेदेरेव्होचा हा मुलगा २०१३ मध्ये पार्टिझानहून बेल्जियमच्या अँडरलेख्तला गेला, थेट मोठ्या लीगमध्ये नाही. दोन वर्षं नियमित खेळला, दुसऱ्या वर्षी २० लीग गोल केले. पुढे न्यूकॅसलमध्ये राफा बेनितेझ यांच्या हाताखाली तो मागे पडला. जानेवारी २०१८ मध्ये त्याला फुलहॅमला कुणी नेलं? स्लाविशा योकानोविच, नोव्ही सादचे सर्बियन प्रशिक्षक. दुसऱ्या श्रेणीत जाणं ही तेव्हा अधोगती समजली गेली. त्याने १२ गोल केले आणि संघ वर गेला. १२ नोव्हेंबर २०२० रोजी, पार्करच्या बाकावरच्या त्या वर्षात, बेलग्रेडच्या रिकाम्या मैदानात स्कॉटलंडविरुद्धची त्याची शेवटची पेनल्टी गोलरक्षक डेव्हिड मार्शलने अडवली आणि सर्बियाची युरो हुकली. (त्या सामन्यात ९०व्या मिनिटाला बरोबरी साधणारा योविच होता.) एक वर्ष दोन दिवसांनी, लिस्बनमध्ये, पोर्तुगालला बरोबरी पुरेशी असताना, मध्यंतरानंतर उतरलेल्या मित्रोविचने ९०व्या मिनिटाला दुशान तादिचच्या क्रॉसवर दूरच्या खांबापाशी हेडर मारला आणि सर्बिया थेट कतार विश्वचषकात पोचली. या एका वर्षात बदललं होतं ते भोवतालचं: फुलहॅममध्ये सिल्वा, राष्ट्रीय संघात प्रशिक्षक द्रागान स्टोयकोविच, आणि दोन्हीकडे कडेने येणारा चेंडू.

ऑगस्ट २०२३ मध्ये तो सौदीच्या अल हिलालकडे गेला तेव्हा पैशासाठी फुटबॉल सोडला, अशी टीका झाली. पैसा होताच, आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही; ज्या देशाचे क्लब अठराव्या वर्षी खेळाडू विकून दिवे चालू ठेवतात, तिथल्या खेळाडूने एकोणतिसाव्या वर्षी स्वतःची किंमत वसूल करणं समजण्यासारखं आहे. सौदी पैशाच्या हेतूंवर वेगळी, कडक चर्चा व्हायलाच हवी, पण तिचा जाब एका स्ट्रायकरला विचारून चालणार नाही. त्या मोसमात मुंबई सिटी एफसीला त्याचा खेळ जवळून सोसावा लागला. एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये २३ ऑक्टोबरला रियाधमध्ये अल हिलालने ६-० ने धुतलं, त्यात मित्रोविचची हॅटट्रिक. ६ नोव्हेंबरला नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर मेहताब सिंगला लाल कार्ड मिळाल्यावर मुंबई दहा जणांनिशी लढत होती. अल हिलालच्या मिकाएलने पहिला गोल केला आणि अखेरीस दुसरा मित्रोविचने. लीगमध्ये त्याचे २८ गोल झाले आणि अल हिलालने एकही सामना न हरता अजिंक्यपद मिळवलं.

या सगळ्यात पैसा कुणाकडे जातो, तेही पाहायला हवं. फिफाच्या नियमानुसार प्रत्येक आंतरराष्ट्रीय बदलीच्या रकमेतले पाच टक्के खेळाडूला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. अठराव्या वर्षापर्यंत घडवणाऱ्या क्लबाच्या वाट्याला त्यातून दोन टक्क्यांच्या आसपास येतं. सहा कोटी युरोंच्या सौद्यात हा हिस्सा बारा लाखांच्या घरात. म्हणजे जिथे मूल घडलं तिथे चिल्लर, आणि मधल्या दोन-तीन क्लबांनी केलेली खरेदी-विक्री हाच खरा धंदा. १८ ते २३ या वर्षांचा हिस्सा वाढवला, तर बेलग्रेडला पोरगं आणखी दोन मोसम राखायचं बळ मिळणार नाही. ते मिळेल ते १२ ते १८ या वर्षांचं मोल वाढवल्यावर. हा बदल युरोपातल्या मोठ्या क्लबांना नको असतो, कारण स्वस्त, कच्चा माल त्यांच्याच सोयीचा आहे.

माणूस विकत घ्यायचा पण त्याचं भोवताल मागेच राहायचं, हा प्रश्न आता गोव्यापर्यंत आला आहे. देयान द्राझिच हा सर्बियन विंगर २०१५ मध्ये ओएफके बेलग्रेडहून स्पेनच्या सेल्टा व्हिगोला गेला, तिथे त्याला फारसं खेळायला मिळालं नाही. मग स्लोव्हाकिया, पोलंड, हंगेरी असं करत २०२४ मध्ये तो एफसी गोवात दाखल झाला. मे २०२५ मध्ये भुवनेश्वरला जमशेदपूरला ३-० हरवून गोव्याने सुपर कप जिंकला, त्यात बोर्हा हेरेराचे दोन गोल आणि एक द्राझिचचा. भारतीय क्लबांना परदेशी खेळाडूंच्या जागा मोजक्याच असतात. त्या भरताना मागच्या मोसमातले गोल मोजायची सवय इथेही आहे. त्यापेक्षा त्या खेळाडूला मागच्या क्लबात चेंडू कुणी दिला, कुठल्या बाजूने दिला, आणि तसा देणारा माणूस आपल्या संघात आहे का, एवढं तपासलं तर मडगावच्या प्रेक्षकांना डिसेंबरातच नवा स्ट्रायकर शोधण्याची चर्चा ऐकावी लागणार नाही.